पस्तिशीनंतरचें विद्यार्जन

आपल्याकडे विद्यार्जनाचा काळ ठरून गेलेला आहे. पूर्वीं तो मौंजीबंधनापासून सोडमुंजीपर्यंत असे; आतां तो बालवर्गापासून पदवीदानसमारंभापर्यंत असतो. एकदां ती मर्यादा ओलांडली कीं मनुष्यानें ज्या धंद्यांत पाऊल टाकलें असेल त्याच धंद्यांत केस पिकवावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावरील एखादा गृहस्थ चांगली चालती नोकरी सोडून पुन्हां पहिल्या वर्गांत जाऊन बसणार असें ऐकलें म्हणजे घरांतील वडील माणसें चिंतातुर होतात, सासुरवाडीकडील मंडळी कुजबुजूं लागतात, आणि स्नेही "आतां या वयांत हें काय खूळ?" असें विचारतात. यांत त्यांचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. संसाराचा गाडा ज्यांना ओढावयाचा असतो त्यांनीं साहसाकडे संशयानें पाहणें स्वाभाविक आहे.

परंतु हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची संख्या अलीकडे वाढत चालली आहे. कोणी बँकेंत पंधरा वर्षें काढलेला असतो, कोणी संगणकाच्या धंद्यांत स्थिरावलेला असतो. आणि त्यांपैकीं दोघांतिघांनीं तरी आम्हांस सांगितलें कीं, आपणांस लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे भूदृश्यरचना, या विषयाचा अभ्यासक्रम आरंभावयाचा आहे. त्यांनीं काय करावें हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमचा धंदा इतिहास शिकविण्याचा. तथापि योगायोग असा कीं, या विद्येचा इतिहास हा बव्हंशीं मध्यान्हीं वाट बदललेल्या माणसांचाच इतिहास आहे. तो येथें थोडक्यांत मांडला तर प्रश्न विचारणाऱ्यांस व त्यांच्या घरच्या मंडळींसही त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

प्रथम ही विद्या म्हणजे काय तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, बंगल्यापुढें हिरवळ लावून कडेनें कर्दळी व क्रोटनच्या कुंड्या मांडल्या म्हणजे भूदृश्यरचना झाली. वास्तविक फुलझाडें हा तिचा शेवटचा अध्याय होय. जमिनीचा उतार कोणीकडे आहे, पावसाचें पाणी कोठें साचतें व कोठून वाहून जातें, मातीच्या थराखालीं मुरूम आहे कीं खडक, माणसें कोणत्या वाटेनें जातात आणि कोठें क्षणभर थांबूं इच्छितात, कोणतें झाड तीस वर्षांनीं केवढें होईल, या सर्वांचा मेळ घालून उघड्या जागेची रचना करणें हें तिचें काम. अर्थात् तिच्यांत थोडें स्थापत्य, थोडें वनस्पतिशास्त्र, थोडी शेती, थोडी चित्रकला आणि पुष्कळसें लोकव्यवहाराचें ज्ञान लागतें. एकाच माणसास लहानपणापासून हें सर्व कोण शिकविणार? म्हणूनच कीं काय, प्रारंभीं या क्षेत्रांत जीं माणसें आलीं तीं दुसरीकडून आलीं.

यांपैकीं पहिलें नांव हम्फ्री रेप्टन या इंग्रज गृहस्थाचें घेतलें पाहिजे. त्याचा जन्म १७५२ चा. बापानें त्याला नॉर्विच येथें कापडाच्या व्यापारांत घातलें; परंतु त्यांत त्याला यश आलें नाहीं. इतर खटपटींतही पैसा गेला, आणि पदरीं कुटुंब असतांना वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्याची स्थिति चिंताजनक झाली. इंग्लंडांतील प्रसिद्ध उद्यानकार ब्राउन हा १७८३ मध्यें वारला होता व त्याची जागा भरून निघाली नव्हती. रेप्टनला चित्रें काढण्याचा नाद होता, थोडेंसें वनस्पतींचें ज्ञान होतें, आणि मोठ्या लोकांशीं बोलण्याची हातोटी होती. १७८८ मध्यें त्यानें आपण आतां 'लँडस्केप गार्डनर' आहों असें जाहीर केलें व ओळखीच्या लोकांस तशीं पत्रें धाडलीं. प्रत्येक जमीनदारासाठीं तो तांबड्या कातडी बांधणीची एक वही तयार करी. तींत त्या जागेचें आहे तसें चित्र असे व त्यावर कागदाची एक झडप असे; झडप उचलली कीं तीच जागा सुधारल्यावर कशी दिसेल तें खालीं दिसे. व्यापारांत बुडालेल्या माणसानें चित्रकलेच्या नादाचा असा उपयोग केला. पुढें १८१८ मध्यें तो वारला तोंपर्यंत त्याच्या हातून या विषयावरचे महत्त्वाचे ग्रंथही झाले होते.

'लँडस्केप आर्किटेक्चर' हे दोन शब्द जोडून वापरणारा पहिला ग्रंथकार गिल्बर्ट लेंग मीसन हा स्कॉटलंडचा. त्याचा ग्रंथ १८२८ चा. पण तो इटलीच्या चित्रकारांच्या चित्रांत दिसणाऱ्या इमारतींविषयीं आहे. या शब्दांस धंद्याचा अर्थ आला तो अमेरिकेंत, आणि तो ज्याच्यामुळें आला त्या फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेडचें चरित्र आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष विचार करण्यासारखें आहे.

ऑल्मस्टेडचा जन्म १८२२ सालीं हार्टफर्ड येथें एका सधन व्यापाऱ्याच्या घरीं झाला. चौथें वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्याची आई वारली. पुढें एका विषारी झुडपाच्या संसर्गानें डोळे बिघडल्यामुळें महाविद्यालयांत रीतसर जाण्याचें राहून गेलें. नंतरच्या वीस वर्षांत त्यानें जे उद्योग केले त्यांची यादी वाचली तर आपल्याकडील कोणत्याही बापानें कपाळावर हात मारून घेतला असता. न्यूयॉर्कांत एका कापडाच्या पेढीवर त्यानें कारकुनी केली. ती आवडली नाहीं. १८४३ मध्यें तो साधा खलाशी होऊन चीनला गेला आणि आजारी होऊन परतला. मग शेती करण्याची इच्छा झाली. बापानें प्रथम एक व नंतर स्टेटन बेटावर दुसरी अशा दोन जमिनी घेऊन दिल्या. १८५० मध्यें भाऊ व एक मित्र यांच्यासह त्यानें इंग्लंडांत पायीं प्रवास केला. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड येथें त्यानें एक नवें उद्यान पाहिलें. तें कोणा सरदाराचें नव्हतें. नगराच्या पैशानें तयार झालेलें आणि सर्वांस मोकळें असें होतें. ही गोष्ट त्याच्या मनांत घर करून राहिली व प्रवासावरील आपल्या पुस्तकांत त्यानें तिचा आवर्जून उल्लेख केला. पुढें एका वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून तो अमेरिकेच्या दक्षिण भागांत हिंडला, आणि तेथील गुलामगिरीचा समाजावर व उद्योगधंद्यांवर काय परिणाम होतो याचीं त्यानें लिहिलेलीं वर्णनें आजही इतिहासाचे अभ्यासक वाचतात. शेवटीं एका प्रकाशनसंस्थेंत तो भागीदार झाला. ती संस्था १८५७ मध्यें बुडाली व त्याच्या डोक्यावर कर्ज राहिलें. या वेळीं त्याचें वय पस्तीस होतें. कारकून, खलाशी, शेतकरी, लेखक, प्रकाशक, असे पांच धंदे करून झाले होते आणि एकाही धंद्यावर पोट भरत नव्हतें!

न्यूयॉर्क शहरानें मोठें सार्वजनिक उद्यान करण्यासाठीं आधींच जागा घेतली होती व त्याच वर्षीं तेथील मजुरांवर देखरेख करण्यास एक अधीक्षक हवा होता. समितीच्या एका सभासदाची सहज गांठ पडली असतां त्यानें ऑल्मस्टेडला अर्ज करण्यास सुचविलें. अर्जास वॉशिंग्टन अर्व्हिंगसारख्या वृद्ध साहित्यिकाच्या सहीचें पाठबळ मिळालें व सप्टेंबरांत नेमणूक झाली. वरिष्ठ अभियंत्यास पुस्तकें लिहिणारा हा मनुष्य कामाचा वाटला नाहीं. पहिल्या दिवशीं ऑल्मस्टेड चांगले कपडे करून गेला, तर त्याला एका माणसाबरोबर सबंध जागा पाहण्यास धाडण्यांत आलें. ती जागा म्हणजे खडक, दलदल व दुर्गंधि यांचें आगर. तुडुंब चिखलांतून जातांना त्याचे बूट भरले आणि मजूर हंसले. हा प्रसंग त्यानें स्वतःच लिहून ठेवलेला आहे. परंतु पुढील कांहीं महिन्यांत त्या जागेचा इंच न् इंच त्यानें पायांखालीं घातला, आणि त्याच ज्ञानानें त्याचें दैव उघडलें.

उद्यानाच्या आराखड्यासाठीं स्पर्धा जाहीर झाली तेव्हां कॅल्व्हर्ट व्हॉ या इंग्लंडांतून आलेल्या वास्तुशास्त्रज्ञानें त्याला आपल्याबरोबर काम करण्यास बोलाविलें. व्हॉ हा आपल्या विद्येंत तयार होता. त्याला जागेचा जाणकार हवा होता. ऑल्मस्टेडला जागा ठाऊक होती. त्याला रेखाटनाचें शिक्षण नव्हतें. दिवसाचीं कामें आटोपून संध्याकाळीं, व केव्हां केव्हां चांदण्यांत, हे दोघे ती जमीन तुडवीत. एप्रिल १८५८ मध्यें तेहतीस आराखड्यांतून त्यांच्या आराखड्यास पहिलें बक्षीस मिळालें. शहराची रहदारी उद्यानाच्या आरपार जाणें अवश्य होतें. त्यासाठीं त्यांनीं चार रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले, जेणेंकरून गाड्या जात राहतील पण हिरवळीवर बसलेल्याच्या दृष्टीस त्या पडणार नाहींत. आराखड्याबरोबर त्यांनीं 'आतांचें दृश्य' आणि 'होणारें दृश्य' अशा चित्रांच्या जोड्याही दिल्या होत्या. सत्तर वर्षांपूर्वींच्या रेप्टनची झडप येथें निराळ्या रूपानें पुन्हां उघडली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां थोडें थांबून पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ऑल्मस्टेडचीं वायां गेलेलीं वीस वर्षें वायां गेलीं नव्हतीं. स्टेटन बेटावर मातीच्या नळांनीं जमिनींतील पाणी कसें काढावें हें तो शिकला होता. उद्यानाच्या दलदलीस नेमकें तेंच औषध लागू पडलें, आणि त्या कामावर नेमलेला जॉर्ज वेअरिंग हाही शेतीच्याच क्षेत्रांतला होता. दक्षिणेंत हिंडून त्यानें पाहिलें होतें कीं, जेथें श्रीमंत व गरीब एकत्र येऊन बसतील अशी जागाच नसते तेथें समाजाचें मन कोतें होतें. सर्वांसाठीं खुल्या उद्यानाविषयींची त्याची तळमळ त्यांतून आली. व्यापाराच्या पेढीवर तो हिशेब शिकला, आणि १८५७ च्या मंदींत बेकार झालेल्या माणसांकडून शिस्तीनें काम करून घेतांना तो कामास आला. पण येथें एक सूक्ष्म भेद आहे. जुना अनुभव नव्या धंद्यांत आपोआप उपयोगी पडतो असें नव्हे. ऑल्मस्टेडनें तो चिखलांत उतरून, व्हॉच्या शेजारीं बसून, माळीकामांत प्रवीण अशा इग्नाझ पिलाटसारख्या माणसांवर विसंबून, नव्यानें तपासून घेतला. तेव्हां तो उपयोगी पडला.

या कथेची दुसरी बाजू न सांगणें हें इतिहासकाराच्या ब्रीदास शोभणार नाहीं. ज्या जागेवर हें उद्यान झालें ती ओसाड नव्हती. तेथें सुमारें सोळाशें माणसें राहत होतीं. पश्चिमेच्या बाजूस सेनेका व्हिलेज नांवाची वस्ती होती. तींत बहुतेक स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबें असून कित्येकांचीं स्वतःच्या मालकीचीं घरें होतीं, चर्च होतीं, शाळा होती. शहरानें कायद्याच्या जोरावर ती जमीन घेतली आणि १८५७ मध्यें ती वस्ती उठविली. हा निर्णय ऑल्मस्टेडच्या नेमणुकीपूर्वींचा होता हें खरें; तरी गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या लेखणीचें कार्य ज्या भूमीवर बहरलें, तिच्याखालीं स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या घरांचे पाये होते, हेंही खरें. कोरी जमीन म्हणून जगांत कांहीं नसतें. भूदृश्यरचना शिकूं इच्छिणाऱ्यानें हा धडा पहिल्या दिवशीं शिकावा असें आम्हांस वाटतें.

पुढें ऑल्मस्टेडचें आयुष्य कीर्तीचें गेलें. ब्रुकलिनचें प्रॉस्पेक्ट पार्क, बॉस्टनची उद्यानमालिका, अशीं अनेक कामें त्याच्या हातून झालीं. मात्र 'लँडस्केप आर्किटेक्ट' हें नांव त्याला कधींच मनापासून आवडलें नाहीं. दुसरें चांगलें न सांपडल्यामुळें तें त्यानें चालविलें. आमच्या 'भूदृश्य' या शब्दाविषयींही तीच तक्रार करतां येईल. त्यांत डोळ्यांनीं पाहणें येतें, पायांनीं चालणें येत नाहीं. वार्धक्यांत स्मृति ढळूं लागल्यामुळें १८९५ मध्यें त्यानें काम सोडलें, आणि १९०३ मध्यें तो ज्या मनोरुग्णालयांत वारला त्याच्या जागेसंबंधीं एके काळीं त्यानेंच सल्ला दिला होता.

त्याच्या कार्यालयांत जे तरुण उमेदवारीस येत त्यांत चार्ल्स इलियट हा फार बुद्धिमान होता. तो हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांचा मुलगा. १८९७ मध्यें अवघ्या सदतिसाव्या वर्षीं तो वारला. त्याच्या स्मरणार्थ १९०० मध्यें हार्वर्ड येथें या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला व त्याची जबाबदारी ऑल्मस्टेडच्याच धाकट्या मुलाकडे आली. ज्या बापानें महाविद्यालयाचें शिक्षण कधीं पुरें केलें नाहीं, त्याचा मुलगा त्याच विद्येचा पदवी-अभ्यासक्रम शिकवूं लागला! त्याच्या आदल्याच वर्षीं या धंद्यांतील अकरा जणांनीं आपली संस्था स्थापन केली होती. त्यांत बिअट्रिक्स जोन्स, ज्या पुढें फॅरंड या नांवानें प्रसिद्ध झाल्या, या एकट्याच स्त्री होत्या. त्याही पदवीधर नव्हत्या. वृक्षशास्त्रज्ञ सार्जंट यांच्याजवळ वृक्षोद्यानांत राहून त्यांनीं आपली विद्या मिळविली होती.

अभ्यासक्रम निघाल्यानें काय साधलें? ऑल्मस्टेडला जें वीस वर्षें भटकून, बापाचा पैसा खर्चून व योगायोगानें मिळालें, तें सामान्य माणसास तीनचार वर्षांत क्रमानें मिळूं लागलें. हा मोठाच लाभ होय. परंतु जेथें दरवाजा बसतो तेथें कुलूपही येतें. हार्वर्डचें कुलूप स्त्रियांस लागलें. १९१५ मध्यें एका पदवीधर तरुणीस तेथें प्रवेश नाकारण्यांत आला, तेव्हां हेन्री फ्रॉस्ट या तेथील अध्यापकानें तिला खाजगी रीतीनें शिकविण्यास आरंभ केला. एकीच्या पाठीमागून दुसऱ्या आल्या, आणि त्यांतून स्त्रियांसाठीं केंब्रिज स्कूल ही संस्था उभी राहिली. १९४२ मध्यें हार्वर्डनें स्त्रियांस प्रवेश दिला व त्याच वर्षीं ती शाळा बंद झाली. युरोपांत हा विषय उच्च शिक्षणांत प्रथम आला तो नॉर्वेंतील ओस येथील कृषिमहाविद्यालयांत, १९१९ मध्यें. इंग्लंडांत रेडिंग विद्यापीठांत तो १९३० मध्यें आला.

आपल्या देशाशीं या इतिहासाचा एक जिव्हाळ्याचा दुवा आहे. प्रो. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८७९ मध्यें मेक्सिकोंत असतांना त्यांचे डोळे बिघडले. सूक्ष्मदर्शकावर तासन् तास बसणें अशक्य झालें, आणि त्यांचें लक्ष वनस्पतींकडून शहरांकडे वळलें. १९०४ मध्यें डनफर्मलिन येथील उद्यानासंबंधीं त्यांनीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो केवळ उद्यानाचा नसून सबंध नगराच्या जीवनाचा आहे. १९१४ मध्यें ते हिंदुस्थानांत आले. होळकरांच्या इंदुरांत असतांना त्यांनीं १९१७ च्या दिवाळीस जी मिरवणूक काढविली, तींत प्लेगचें प्रतीक म्हणून एका प्रचंड उंदराची प्रतिमा होती. ज्या मोहल्ल्यांनीं आपली घरें व रस्ते स्वच्छ केले असतील त्यांतून मिरवणूक जावी अशी योजना होती. १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्राचें अध्यासन काढलें तें पहिल्यानें त्यांना मिळालें. त्या वेळीं ते पासष्टीस आलेले होते! त्यांनीं ज्या तरुणास समाजशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठीं इंग्लंडास पाठविण्याकरितां निवडलें ते मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये संस्कृतचे अध्यापक होते. स्वतः वाट बदललेल्या गुरूस वाट बदलूं पाहणारा शिष्य ओळखतां आला यांत नवल नाहीं.

भूदृश्यरचनेचें पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर येथें १९७२ मध्यें सुरू झालें. आज पुण्यांतही, महर्षि कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणसंस्थेच्या वास्तुकला महाविद्यालयांत, तो विषय शिकविला जातो. परंतु आपल्या बहुतेक संस्थांत प्रवेशाची पहिली अट वास्तुशास्त्राची पदवी ही आहे. अमेरिकेंतील कित्येक विद्यापीठांत कोणत्याही विषयाच्या पदवीधरास तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेतां येतो, व इंग्लंडांतही अन्य विषयांच्या पदवीधरांसाठीं निराळे वर्ग आहेत. म्हणजे ऑल्मस्टेड आज आपल्याकडे अर्ज घेऊन आला, तर कचेरींतील कारकून त्याचा अर्ज विनयपूर्वक परत करील. हा त्या कारकुनाचा दोष नव्हे; पण ज्या विद्येचे आद्यपुरुष व्यापारी, शेतकरी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते, तिनें त्यांच्या वारसांसाठीं एखादी बाजूची खिडकी तरी उघडी ठेवावी, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.

आतां ज्यांच्या प्रश्नामुळें हा लेख लिहिला त्यांच्यासाठीं दोन शब्द. इतिहास हा सल्लागार नव्हे, साक्षीदार आहे. तो एवढेंच सांगतो कीं, पस्तिशीनंतर ही विद्या येते. त्याबरोबर तो हेंही सांगतो कीं, ऑल्मस्टेडच्या मागें त्याच्या बापाची तिजोरी होती, आणि रेप्टनच्या साहसाचा भार त्याच्या कुटुंबानेंही वाहिला. तेव्हां ज्याला पाऊल टाकावयाचें असेल त्यानें घरांतील माणसांस तो हिशेब आधीं उघड करून दाखवावा. खर्च किती, मिळकत किती वर्षें थांबणार, परदेशींच जावें लागणार कीं काय, हें सर्व मांडावें. त्यांची संमति ही उपकार म्हणून न मागतां भागीदारी म्हणून मागावी. आणि अर्ज भरण्यापूर्वीं एक पावसाळा एखाद्या जागेवर पायीं हिंडून काढावा. पाणी कोठून येतें, कोठें जातें, तेथें पूर्वीं कोण राहत होतें, हें पाहावें. बूट चिखलानें भरल्यावरही जर त्या जागेवर पुन्हां जावेंसें वाटलें, तर मग वयाचा विचार करूं नये. या धंद्यांत विशीच्या मुलानें लावलेलें आणि चाळिशीच्या माणसानें लावलेलें वडाचें झाड सारख्याच गतीनें वाढतें. दोघांसही तें दुसऱ्या कोणासाठीं तरीच लावावें लागतें.